पेरणीच्या दिवसांत परीक्षा

वाचकाचं पत्र, थोडक्यात : जालन्याच्या एका वाचकाने लिहिलं आहे. वय ३०. परभणीच्या कृषी विद्यापीठाखालच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. ॲग्री केलं आणि सहा वर्षांपासून एका बियाणे कंपनीत सेल्स ऑफिसर आहेत. अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा हे चार तालुके त्यांच्याकडे. पगार ३४ हजार, वर टीए-डीए. घरी पत्नी आणि अडीच वर्षांची मुलगी. पत्नी एका खाजगी शाळेत दुपारपर्यंत शिकवतात. गेल्या वर्षी त्यांच्यावर एरिया मॅनेजर म्हणून पुण्याहून एक एमबीए झालेला तरुण आला, वयाने लहान. रिजनल मॅनेजर नंतर म्हणाले, "तुझ्याकडे एमबीए असतं, तर तुझंच नाव पुढं केलं असतं." तेव्हापासून मार्केटिंगमध्ये एमबीए करायचं त्यांच्या मनात आहे. समोर तीन वाटा आहेत : छत्रपती संभाजीनगरच्या एका संस्थेचा रविवारचा 'वीकेंड एमबीए', फी २ लाख ४० हजार, हप्त्याने, मुक्त विद्यापीठाचा दूरस्थ एमबीए, ज्याबद्दल सासरे म्हणतात, "घरबसल्याच्या डिग्रीला कोण विचारतं?", किंवा नोकरी सोडून पुण्यात दोन वर्षं. "कोणती वाट धरू? की वय निघून गेलं?" असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार,

तुमच्या पत्रात 'एमबीए' हा शब्द पानोपानी आहे. पण सगळ्यात जास्त ओळी तुम्ही ऑगस्टमधल्या रिव्ह्यू मीटिंगवर खर्च केल्यात. म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

मंठा तालुक्यात सोयाबीनचं बियाणं आदल्या सालापेक्षा बरंच कमी खपलं होतं. कारण विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "पाऊस लांबला." मग नव्या एरिया मॅनेजरने लॅपटॉप जोडून दोन स्लाइड दाखवल्या. समोरच्या कंपनीने दुकानदारांना जास्त मार्जिनची स्कीम दिली, म्हणून आपला माल पडून राहिला, असा त्यांचा निष्कर्ष. सगळ्यांना पटलं. आणि त्याखालीच तुम्ही सहज लिहून गेलात, "खरं तर मंठ्यात आदल्या साली काढणीला पाऊस लागला नव्हता. माल चांगला वाळला, लोकांनी घरचंच बियाणं ठेवलं. मला माहीत होतं, पण तिथं बोलता आलं नाही."

या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. मार्केटिंगचा अभ्यास म्हणतात तो हाच असतो, आणि तुम्ही तो मोटारसायकलवर फिरता फिरता करून ठेवला आहे. सोयाबीनचं घरचं बियाणं शेतकऱ्याला पुन्हा पेरता येतं. मे महिन्यात घरची बाई ओल्या गोणपाटावर १०० दाणे मोजून ओळीने मांडते, गुंडाळी करून कोपऱ्यात ठेवते, रोज पाण्याचा हबका मारते. आठवड्याने गुंडाळी उलगडली आणि ७० च्या वर कोंब दिसले, की त्या घरात तुमची पिशवी जात नाही. मग दुकानदाराला कुणी काहीही मार्जिन देवो. तिथे तुमची स्पर्धा दुसऱ्या कंपनीशी कमी आणि त्या घरातल्या पोत्याशी जास्त असते. कापसाचं उलट आहे. बीटी संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, आणि डिसेंबर २०१५ च्या आदेशानंतर त्याच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं. म्हणजे किंमत कमी-जास्त करण्याचा खेळ तिथे फारसा उरत नाही. तिथे दुकानदार, शेतकऱ्याचा भरवसा आणि वेळेवर पोचलेला माल यांवरच सगळं चालतं. ग्राहक कोण, स्पर्धक कोण, किंमत कुणाच्या हातात, हे एमबीएच्या पहिल्या वर्षात साबण आणि टूथपेस्टची उदाहरणं देऊन शिकवतात. तुमच्याकडे ते अंबड-मंठ्याच्या गावांच्या नावांसकट आहे.

मग त्या दिवशी कमी काय पडलं? आकडे कमी पडले. "लोकांनी घरचं ठेवलं" असं तोंडी म्हटलं की ती सबब वाटते. "मंठ्यातल्या १० गावांत ८० शेतकऱ्यांना विचारलं, त्यातल्या इतक्यांनी घरचं पेरलं" असं म्हटलं की तो अभ्यास होतो. हे कौशल्य मार्केटिंगच्या पदवीत मिळतं का? मिळतं, मार्केट रिसर्च हा विषय मनापासून केला तर. पण पदवी हातात आली म्हणून आपोआप येत नाही, आणि पदवी येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. यावर पुढे येते.

त्याआधी तुमच्या साहेबांच्या वाक्याकडे बघू. "तुझ्याकडे एमबीए असतं तर" हे वाक्य दोन प्रकारे बोललं जातं. कधी कंपनीत खरोखरच नियम असतो, की अमुक पदापासून वर पदव्युत्तर शिक्षण लागतं. आणि कधी साहेबाला समोरच्याची समजूत घालायची असते. सरळ 'नाही' म्हणण्यापेक्षा पदवीचं कारण पुढं करणं सोपं जातं. यातला कोणता प्रकार तुमच्या वाट्याला आला, हे तुम्ही विचारलेलं नाही. त्या एका वाक्याच्या जोरावर २ लाख ४० हजार खर्चायला मात्र निघाला आहात.

तेव्हा विचारा. चहाच्या टपरीवर नको, मेलवर विचारा, म्हणजे उत्तर देणारा विचार करून देईल. तीनच प्रश्न : एरिया मॅनेजरच्या पदासाठी एमबीए ही लेखी अट आहे का? दूरस्थ पद्धतीने केलेला एमबीए त्या अटीत बसतो का? फीचा काही भाग किंवा परीक्षेची रजा कंपनी देते का? काही कंपन्या फी देतात, पण दोन-तीन वर्षांचा बाँड लिहून घेतात. तसं असेल तर तोही आधी वाचा. आणि एक काम घरी बसून करा. तुम्हाला हवी तशा पदांच्या दहा जाहिराती गोळा करा, बियाणं, खत, औषधं, ठिबक, कुठल्याही कंपनीच्या. एका कागदावर खुणा करत जा : किती ठिकाणी एमबीए 'आवश्यक' लिहिलंय, किती ठिकाणी 'असल्यास प्राधान्य', किती ठिकाणी फक्त बी.एस्सी. ॲग्री आणि अनुभव. अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्याच धंद्यात पदवीला किती भाव आहे, ते माझ्यापेक्षा तो कागद चांगला सांगेल.

आता तुमच्या तीन वाटा.

रविवारच्या 'वीकेंड एमबीए'बद्दल मला काळजी वाटते, आणि ती फीच्या आकड्याची नाही. तुम्ही लिहिलंय की संस्थेचे काउन्सेलर म्हणाले, "रेग्युलर एमबीएच आहे सर, सर्टिफिकेटवर तसंच येतं. हजेरीचं आम्ही बघून घेतो, तुम्ही रविवारी तेवढं येत चला." तुम्हाला ही सोय वाटली. मला ती अडचण वाटते. पूर्णवेळ एमबीएचे प्रवेश आपल्याकडे राज्याच्या सीईटी सेलमार्फत होतात, आणि त्या अभ्यासक्रमाला रोजची हजेरी अपेक्षित असते. तुम्ही सोमवारी सकाळी घनसावंगीत दुकानदाराकडे वसुलीला बसलेले असाल आणि त्याच वेळी संभाजीनगरच्या वर्गात तुमची सही पडत असेल, तर तो कागद खोटा झाला. उद्या तुम्ही नोकरी बदललीत, नव्या कंपनीने कागदपत्रं तपासायला दिली आणि एकाच काळात पूर्णवेळ नोकरी आणि पूर्णवेळ पदवी असं दिसलं, की प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. काउन्सेलरला कुणी बोलावणार नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाने, २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली, ती गोष्ट वेगळी. न बसलेल्या वर्गाची हजेरी त्यात बसत नाही.

'पार्ट-टाइम एमबीए' या एका शब्दाखाली आपल्याकडे फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, म्हणून हे जरा उलगडून सांगते. बीडच्या, लातूरच्या, हिंगोलीच्या वाचकांनाही हेच लागू आहे. खरा अर्धवेळ अभ्यासक्रम म्हणजे नोकरदारांसाठीच आखलेला, संध्याकाळचे किंवा सुट्टीच्या दिवसाचे वर्ग असलेला, आणि विद्यापीठाने तसाच मंजूर केलेला. मुंबईत जमनालाल बजाज संस्थेत मार्केटिंग मॅनेजमेंटची तीन वर्षांची अर्धवेळ पदव्युत्तर पदवी आहे, ती या प्रकारची; तिला नोकरीचा अनुभव लागतो. मुंबईत नोकरी करणाऱ्या वाचकाला मी आधी तेच सुचवेन. जालन्याहून ते शक्य नाही. दुसरा प्रकार दूरस्थ, तिसरा ऑनलाइन. आणि चौथा प्रकार म्हणजे नुसतं 'एक्झिक्युटिव्ह' नावाचं प्रमाणपत्र, जे शिकायला चांगलंही असेल, पण पदवी नव्हे. पदवी द्यायचा अधिकार विद्यापीठाला किंवा कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या संस्थेलाच आहे. बाकीच्या स्वतंत्र संस्था देतात तो पीजीडीएम म्हणजे डिप्लोमा. तेव्हा संस्थेच्या माणसाला पहिला प्रश्न हाच करा, की शेवटी मिळणाऱ्या कागदावर कोणत्या विद्यापीठाचं नाव आणि अभ्यासक्रमाचं काय नाव छापलेलं असेल. नमुना मागा. महाविद्यालय असेल तर एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, चालू वर्षाची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता बघा. जालना, संभाजीनगर, बीड, धाराशिव ही डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली ही स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या. विद्यापीठाच्या कचेरीत जाऊन विचारता येतं, आणि जाऊन विचारावं.

इथे माझी एक जुनी गोष्ट सांगते. नांदेडला मी एका पाइपच्या डीलरकडे हिशेबाचं काम करत होते. झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर एक 'केंद्र' होतं, भिंतीवर कुठल्या तरी लांबच्या विद्यापीठाचा बोर्ड. मी पहिल्या वर्षाची फी भरली, साठवलेले सगळे पैसे. पावती हातात आली ती एका एज्युकेशन सोसायटीच्या नावाची, विद्यापीठाचं त्यावर नावसुद्धा नाही. मला ते दिसलं होतं. विचारायची लाज वाटली, की बाईला एवढं पण कळत नाही असं म्हणतील. आठ महिन्यांनी केंद्राला कुलूप लागलं. ती पावती मी अजून जपून ठेवली आहे. आता कुणीही मला शिक्षणाबद्दल विचारलं की मी आधी विचारते, पावती कुणाच्या नावाची मिळणार? दूरस्थ शिक्षणाचं केंद्र फ्रँचायझी म्हणून चालवायला यूजीसीच्या नियमांत मनाई आहे, आणि फी विद्यापीठाच्या खात्यात थेट भरता येते. मधल्या माणसाच्या फोनवर क्यूआर कोडने पैसे पाठवायची वेळ आली, तर तिथूनच मागे फिरा.

हप्त्यांचंही तेच. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणून सांगतात ते बहुतेक वेळा तुमच्या नावावरचं कर्ज असतं. अभ्यासक्रम मध्ये सोडला तरी हप्ता थांबत नाही. सही करण्याआधी कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव त्या कागदावर शोधा.

आता सासऱ्यांचं म्हणणं. ते ज्या काळात नोकरीत होते, त्या काळात पत्राने केलेल्या पदवीला लोक नाकं मुरडत, हे मीही पाहिलंय. पण सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने जाहीरपणे स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईल. सरकारी नोकरी, पुढचं शिक्षण, दोन्हीकडे तिचा उपयोग होतो. खाजगी कंपनीत मुलाखत घेणारा माणूस मनात काय धरेल, ते नियमाने ठरत नाही. मोठ्या संस्थेतल्या पूर्णवेळ एमबीएला जो भाव आहे तो तिथली प्रवेशाची चाळणी आणि कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या यांच्यामुळे आहे. ते दूरस्थमध्ये मिळणार नाही, मिळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तुम्हाला मात्र कॅम्पसची गरज नाही. तुम्ही नोकरीत आहात, सहा वर्षांचा अनुभव आहे, चार तालुक्यांतले दुकानदार तुम्हाला नावाने ओळखतात. तुम्हाला अट पूर्ण करणारा कागद हवा आहे आणि त्याबरोबर खरं शिकायला हवं आहे. त्यासाठी इग्नू, म्हणजे दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, यांतलं एक पुरेसं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. इतर विद्यापीठ निवडायचं असेल तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर त्या वर्षाच्या यादीत विद्यापीठ आणि एमबीए दोन्हींची नावं आहेत का, ते बघा. प्रवेशासाठी लागणारा डीईबी आयडी, म्हणजे याच ब्युरोचा ओळख क्रमांक, २०२४ पासून विद्यार्थ्याला स्वतःच काढावा लागतो. तो काढून द्यायला कुणाला ओटीपी सांगू नका.

नोकरी सोडून पुण्याला जाण्याबद्दल फार लिहीत नाही. दोन वर्षांचा पगार, फी, पुण्याचं घरभाडं आणि अडीच वर्षांची लेक, ही बेरीज तुम्ही स्वतःच पत्रात करून पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. ते प्रश्नचिन्ह बरोबर आहे.

ज्या गोष्टीबद्दल तुम्ही पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाही, ती आहे तुमच्या कामाचं वर्ष. पुण्या-मुंबईच्या नोकरदाराला बारा महिने सारखे असतात. तुम्हाला नसतात. एप्रिल-मेमध्ये दुकानोदुकानी माल ठेवायची घाई. मृगाचा पाऊस पडला की दुकानात रांगा, रात्री दहापर्यंत फोन : "सायेब, अमक्याची पिशवी संपली, गाडी कवा यील?" जुलैत उगवण झाली नाही म्हणून तक्रारी, शेतावर पंचनामे. मग उरलेल्या मालाची वापसी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरभरा-ज्वारीचं बियाणं, आणि त्याच वेळी कापूस-सोयाबीन विकून दुकानदाराच्या हातात पैसा आला की वसुली. तुम्हाला श्वास घ्यायला मिळतो तो साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत.

आणि इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असतात. जून म्हणजे तुमची पेरणी! हे आधी ठाऊक नसलेला माणूस पहिल्या जूनला दोन पेपर बुडवतो, खजील होतो आणि 'आपल्याला जमत नाही' म्हणून पुस्तकं माळ्यावर टाकतो. जमत नाही असं काही नसतं, महिना चुकलेला असतो. इग्नूचा एमबीए कमीत कमी दोन वर्षांचा आहे, पण तो पूर्ण करायला चार वर्षांपर्यंत मुदत मिळते. ती मुदत तुमच्यासारख्यांसाठीच आहे. जुलैच्या सत्रात प्रवेश घ्या, म्हणजे पहिली परीक्षा डिसेंबरात येईल. जूनला झेपतील तेवढेच पेपर द्या, एखाद-दुसरा; बाकीचे डिसेंबरवर ढकला. तीन वर्षांत संपेल असं धरूनच सुरुवात करा आणि घरीही तसंच सांगा. असाइनमेंटला ३० टक्के आणि परीक्षेला ७० टक्के गुण असतात. असाइनमेंट फेब्रुवारी-मार्चच्या निवांत दिवसांत स्वतः लिहा; तयार उत्तरं विकणारे पुष्कळ भेटतील, ती घेतलीत तर पैसे देऊन न शिकण्याची सोय होईल तेवढी. दुसरं विद्यापीठ निवडलंत तर माहितीपुस्तिकेतलं फीचं पान उघडण्याआधी परीक्षेचं वेळापत्रक उघडा. साखर कारखान्यात काम करणाऱ्या वाचकाने गळीत हंगाम धरून हेच करावं, कापड दुकानातल्या वाचकाने लग्नसराई आणि दिवाळी धरून.

पण जुलैला अजून वेळ आहे. मधल्या महिन्यांत दोन गोष्टी करून बघा, आणि त्यावरून प्रवेशाचं ठरवा.

पहिली अशी. केंद्र सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवर मार्केटिंगचे अभ्यासक्रम आहेत. आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात. ऐकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरून केंद्रावर पेपर द्यायचा. जानेवारीत सुरू होणारा बारा आठवड्यांचा एखादा घ्या. आठवड्याला सहा तास लागतील असं धरा. ते सहा तास कुठून येतात ते वहीत लिहीत जा : पहाटेचा दीड तास, रविवारची दुपार, परतूरला जाताना एसटीत बसलात तर कानात व्याख्यान. (मोटारसायकल चालवताना नको.) बारा आठवडे टिकलात तर तीन वर्षं टिकाल. चौथ्याच आठवड्यात वही कोरी राहायला लागली, तर फी वाचली, आणि ती वही का कोरी राहिली यावर आपण पुन्हा बोलू.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मंठ्याचा तो अभ्यास आत्ताच करा. तसेही रब्बीच्या प्लॉटवर फिरणार आहात. दहा गावं निवडा, प्रत्येक गावात आठ शेतकरी, त्यात तुमच्या ओळखीचे निम्म्याहून जास्त नकोत, ओळखीचा माणूस तोंडदेखलं बोलतो. तीन प्रश्न विचारा : औंदा सोयाबीन कोणतं पेरलं? घरचं असेल तर कामून? उगवण तपासली होती का? काहीजण म्हणतील, "इकत कामून घ्यावं, घरचं उगवतंय की." तो पैसे वाचवतोय. काहीजण म्हणतील, "त्या साली पिशवीतलं उगवलं न्हाई, तवापासून घरचंच." २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मराठवाड्यात इतक्या झाल्या, की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. तो माणूस पैसे वाचवत नाही, त्याचा भरवसा गेलाय. पहिल्याला दर बघून फरक पडेल. दुसऱ्याला कितीही स्वस्त दिलं तरी तो येणार नाही. त्याच्यासमोर तुमच्या पिशवीतले १०० दाणे गोणपाटावर मांडून दाखवावे लागतील, त्याच्याच ओट्यावर, त्याच्याच बायकोने पाणी मारलेले. दुकानदाराला मार्जिन वाढवून यातला कुठलाच प्रश्न सुटत नाही, हे तुम्हाला ८० नावांसह दाखवता येईल. एक्सेलमध्ये भरा, एका पानावर उतरवा, आणि खरिपाच्या नियोजनाची बैठक होईल तेव्हा पाच मिनिटं मागून घ्या. मराठीत बोला, इंग्रजीत अडखळण्यापेक्षा. कागदावरचे आकडे कुठल्याही भाषेत तेवढेच राहतात.

आणि हे पान त्या पुण्याच्या एरिया मॅनेजरला आधी दाखवा. तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल थोडा कडवटपणा आहे, तो मी समजू शकते. पण त्याला मंठा माहीत नाही आणि तुम्हाला स्लाइड माहीत नाहीत. स्कीमचं कारण त्याने खोटं सांगितलं नव्हतं, त्याला दुकानापर्यंतचंच दिसत होतं. दोघांनी मिळून ते पान केलं, तर तुम्हाला फुकटात एक शिक्षक मिळेल.

याचा पुढेही उपयोग आहे. एमबीएला शेवटी प्रकल्प करावा लागतो. बरेचजण कुठून तरी उतरवलेला, कुठल्या तरी मोबाइल कंपनीचा प्रकल्प जोडतात. तुमचा विषय आताच तयार आहे, आणि तो तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही.

वयाचं विचारलंत. हैदराबादच्या 'मॅनेज' या कृषी विस्ताराच्या केंद्रीय संस्थेचा 'देसी' नावाचा डिप्लोमा आहे, बी-बियाणं आणि खतांच्या दुकानदारांसाठी, २००३ पासूनचा. ४८ आठवडे, आठवड्यातून एक दिवस वर्ग. तुमच्या चार तालुक्यांतल्या कुणी ना कुणी तो केला असणार. पुढच्या फेरीत त्याला विचारा. गल्ल्यावर बसणारा पन्नाशीचा माणूस दुकान बंद ठेवून वही घेऊन कसा बसला, पहिल्या महिन्यात त्याला काय जड गेलं, हे तो तुम्हाला सांगेल. तुम्ही तिशीत आहात. हा प्रश्न सोडून द्या.

शेवटी घरचं. तुम्ही लिहिलंय, "बायकोचा काही विरोध नाही." आणि त्याआधी, मुलीबद्दल लिहिताना, एक वाक्य आहे : "हिच्यामुळे तिची टीईटी राहून गेली." ही दोन वाक्यं मी एकमेकांशेजारी ठेवून वाचली. आठवड्याचे सहा तास तुम्ही काढाल असं वर लिहिलं खरं, पण त्या सहा तासांत मुलीला कुणीतरी सांभाळणार आहे, आणि शाळेतून दुपारी दमून आलेली तीच असणार आहे. विरोध नाही म्हणजे ती हो म्हणाली असं धरू नका. तिला विचारा, की तिला पुन्हा टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला, बसायचं आहे का. बसायचं असेल तर तिच्या अभ्यासाचे तास आधी ठरवा, मग तुमचे. तिची परीक्षा तुमच्या डिसेंबरच्या पेपरांच्या आसपास आली, तर एखादा पेपर तुम्ही पुढे ढकला, तेवढी मुदत तुम्हाला आहे. मुलीला दोन-तीन तास आजीकडे ठेवता येईल का, सासूबाई जालन्यातच आहेत का, हे पत्रात नाही; असतील तर त्यांच्याशी बोलायचं काम तुम्ही करा, तिच्यावर टाकू नका.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय असेलच. मेल पाठवायच्या आधी एका संध्याकाळी तो खाली काढा आणि दोघं मिळून त्यावर खुणा करा : तुमचा खरीप, तुमची वसुली, तिच्या शाळेच्या परीक्षा, तिची टीईटी, मुलीचं बालवाडीत जाणं. मोकळे आठवडे किती उरतात ते मोजा. मला तो आकडा कळवा, मग कोणत्या सत्राला किती पेपर घ्यायचे ते आपण पुढच्या पत्रात बसवू.